पडद्यावरची शिडे आणि वल्ही: त्यांतले किती खरे मानावे?

आपण विचारले आहे की, समुद्रावरचे आणि नौकाशर्यतींचे चित्रपट पाहून शिडाची बोट चालवण्याची व वल्हवण्याची ओढ निर्माण झाली, पुढच्या महिन्यात दोन्हींच्या प्राथमिक वर्गात नाव घातले, आणि आता मनात साठलेल्या दृश्यांपैकी कोणती खरी मानावीत व कोणती विसरून जावे हे कळत नाही. मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ शिडाच्या बोटी चालवतो आहे, आणि त्यातली बरीच वर्षे नवशिक्यांना शीड व वल्हे ही दोन्ही शिकवण्यात गेली आहेत. वर्गात येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एखादा चित्रपट असतोच. म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

एवढ्या वर्षांत माझ्या लक्षात आले ते असे की, चित्रपट वस्तूंच्या बाबतीत फारसे चुकत नाहीत. जहाजाची बांधणी, दोरांची गुंतागुंत, खलाशांचे कपडे, वल्ह्यांचा आकार यांवर जाणकार माणसे नेमलेली असतात आणि पुष्कळदा ती कसून काम करतात. चूक होते ती काम केव्हा केले जाते आणि कष्ट कसे दिसतात या दोन गोष्टींत. शिडाच्या बोटीवरचे चांगले काम संकट येण्याआधी उरकलेले असते, त्यामुळे ते घडताना पाहायला कोणी नसते; आणि वल्हवणारा जितका तयार, तितके त्याचे कष्ट कमी दिसतात. चित्रपटाला मात्र डोळ्यांना दिसेल तेच सांगता येते. म्हणून तो संकट कोसळल्यावरची धावपळ दाखवतो आणि वल्हवणाऱ्याच्या चेहऱ्यावर वेदना आणतो. ही धावपळ आणि ही वेदना म्हणजेच कौशल्य, असा समज करून आपण वर्गात गेलात तर तो पुसायला काही आठवडे लागतील.

अर्थात सगळे एका मापाने मोजता येत नाही. चौकोनी शिडांचे जुने जहाज, एकट्याने चालवायची नौका, शर्यतीची पातळ लांबट बोट आणि तळ्यातली साधी होडी यांचे नियम वेगळे आहेत. एका बोटीवर जो मूर्खपणा ठरेल, तो दुसऱ्या बोटीवर शहाणपणा असू शकतो. हवामान, खलाशांची संख्या आणि कथेचा काळ यांवरही उत्तर बदलते. तेव्हा मी सरसकट निकाल न देता, कोणत्या ठिकाणी काय पाहतो आणि का पाहतो ते सांगतो.

सुरुवात वाऱ्यापासून करतो, कारण पडद्यावर शिडाचे जहाज आले की माझी नजर सर्वांत आधी तिकडे जाते. नायकाचे केस कोणत्या दिशेला उडत आहेत, डोलकाठीवरचा झेंडा कुठे फडकतो आहे आणि शीड कोणत्या बाजूला फुगले आहे, या तीन गोष्टींचे एकमेकांशी जुळले पाहिजे. पुष्कळ दृश्यांत ते जुळत नाही. वारा पंख्याने निर्माण केलेला असतो आणि तो चेहरा चांगला दिसेल अशा दिशेने सोडलेला असतो. त्याहून मोठी अडचण प्रवासाच्या दिशेची आहे. कोणतीही शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. आजची चांगली नौका वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन करून पुढे सरकते, तर चौकोनी शिडांच्या जुन्या जहाजाला ६५ अंशांच्या आसपास थांबावे लागे. म्हणजे वाऱ्याच्या दिशेला असलेल्या, १० सागरी मैलांवरच्या बंदरात पोहोचायला आजच्या नौकेलाही नागमोडी वाटेने १४ सागरी मैल कापावे लागतात, आणि ताशी ५ मैलांच्या वेगाने त्याला जवळपास ३ तास लागतात. पडद्यावर मात्र कप्तान हाताने दिशा दाखवतो आणि जहाज सरळ त्या दिशेने निघते. वारा कुठून आहे हे कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात त्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय बोटीवर कोणतीही गोष्ट ठरत नाही.

दुसरी खूण आवाजाची. वेग दाखवण्यासाठी चित्रपटांत शिडांची जोरदार फडफड ऐकवली जाते. खरे तर फडफडणारे शीड म्हणजे वाया जाणारा वारा. नीट ओढून बसवलेले शीड जवळजवळ शांत असते. त्या वेळी कानांवर येतो तो पाणी कापले जाण्याचा आवाज आणि ताणलेल्या दोरांची बारीक कुरकुर. माझ्या वर्गात एक तरुण शिकाऊ दोर सैल सोडून शीड फडफडवत बसे आणि बोट जोरात चालली आहे असे त्याला मनापासून वाटे. मी त्याला दोर हळूहळू ओढायला लावले. फडफड थांबली, क्षणभर त्याला वाटले की वाराच पडला, आणि मग बोटीने जो वेग घेतला त्याने तो दचकला. याच्या जवळची आणखी एक गोष्ट म्हणजे इंजिन. नौकेची शिडे ढिली लोंबत असतील आणि मागे पाण्याचा सरळ, घुसळलेला पट्टा उमटत असेल, तर ती नौका इंजिनावर चालली आहे असे समजावे. खऱ्या समुद्रावर शिडे उभी असताना इंजिन चालू असेल, तर दिवसा टोक खाली केलेला काळा शंकू पुढच्या बाजूला टांगण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. इतर नौकांनी तिला वाट द्यावी की नाही, हे त्यावरून ठरते. तो शंकू मी एकाही चित्रपटात पाहिलेला नाही.

आता वादळाकडे येतो. समुद्रावरच्या चित्रपटांचा जीव वादळात असतो आणि गैरसमजही तिथेच सर्वाधिक होतात. आकाश काळे होते, सगळी शिडे पूर्ण उभी असतात, आणि पहिला झोत आदळल्यावर कप्तान शिडे उतरवण्याचा हुकूम ओरडून देतो. असा कप्तान माझ्या ओळखीतल्या कोणाही अनुभवी खलाशाला आपल्या बोटीवर नको असेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. ताशी १० सागरी मैलांच्या वाऱ्यात एका हाताने ओढता येणारा दोर २० मैलांच्या वाऱ्यात दोघांना आवरत नाही. म्हणून शीड लहान करण्याचे काम, ज्याला आम्ही रीफ घेणे म्हणतो, वारा वाढण्याआधीच करतात. मी स्वतः हा धडा तरुणपणी एका दुपारी घेतला. क्षितिजावर ढगांची काळी पट्टी दिसत होती, वारा सुखाचा होता, आणि आणखी अर्धा तास पूर्ण शिडावर जाऊ असे मी ठरवले. झोत आला तेव्हा बोट इतकी कलली की माझा सहकारी डोलकाठीच्या पायथ्याशी पोहोचूच शकला नाही. शीड उभे फाटले आणि दोघांचेही हात सोलून निघाले. आम्ही सुखरूप परतलो. चित्रपटात हा प्रसंग शौर्याचा ठरला असता, पण त्यात शौर्य काहीच नव्हते. अर्ध्या तासापूर्वी पाच मिनिटांचे काम केले असते, तर सांगण्यासारखे काही घडलेच नसते.

या संदर्भात २०१३ चा ‘ऑल इज लॉस्ट’ हा चित्रपट आपण पाहावा असे मी सुचवतो. एक वयस्क माणूस हिंद महासागरात एकटा असताना त्याच्या नौकेला पाण्यावर तरंगणारा मालाचा कंटेनर धडकतो, आणि पुढे जवळजवळ एकही संवाद न होता तो वाचण्याची धडपड करतो. अनेक खलाशांनी या चित्रपटावर कडक टीका केली आहे, आणि तिच्यातला काही भाग मला पटतो. वादळ समोर दिसत असताना तो लहान वादळी शीड आधी चढवून ठेवत नाही. वादळ अंगावर आल्यावर ते चढवायला रांगत पुढे जातो आणि पाण्यात फेकला जातो. मात्र त्याच चित्रपटात, वादळाच्या आधी तो शांतपणे दाढी करतो, या दृश्याला लोक हसतात तेव्हा मला वाईट वाटते. एकट्या, थकलेल्या, ओल्या माणसाचे मन असेच वागते. मोठे काम समोर असताना ते नेहमीचे, ओळखीचे छोटे काम धरून बसते. छिद्रावर कापड व राळ लावण्याचा संथपणा, आत शिरलेले पाणी उपसण्यात जाणारे तास, भिजून मुका झालेला रेडिओ, हे सारे त्या चित्रपटाने प्रामाणिकपणे दाखवले आहे. खलाशी म्हणून तो चुका करतो हे खरे, पण त्या चुका माणसे करतात त्याच आहेत.

वादळातल्या संवादांविषयी थोडे. पडद्यावर दोघे जण लाटांच्या तडाख्यात उभे राहून पूर्ण वाक्यांत भांडतात. खरोखरच्या जोरदार वाऱ्यात हाताच्या अंतरावरचा माणूसही ऐकू येत नाही. दोरांतून जाणारा वारा एका उंच स्वरात किंचाळत राहतो, आणि काही तासांनी त्या स्वरानेच माणूस थकतो. त्यामुळे बहुतेक आज्ञा हातवाऱ्यांनी दिल्या जातात किंवा आधीच ठरलेल्या असतात.

माणूस पाण्यात पडण्याचे प्रसंगही असेच. चित्रपटात कोणीतरी लगेच उडी मारतो आणि बुडणाऱ्याला धरतो. ताशी ६ सागरी मैलांनी जाणारी नौका सेकंदाला ३ मीटर पुढे सरकते. भान येऊन नौका वळवेपर्यंत अर्धे मिनिट गेले, तर माणूस ९० मीटर मागे राहिलेला असतो आणि लाटांमध्ये त्याचे डोके नारळाएवढे दिसते, तेही अधूनमधून. दुसऱ्याने उडी मारली तर शोधायची डोकी दोन होतात, एवढेच. म्हणून आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो की, एकाने दुसरे कोणतेही काम न करता, नजर न हलवता, पडलेल्या माणसाकडे हात रोखून उभे राहायचे. पाहणाऱ्याला हे काम निष्क्रिय वाटते. पण ज्या सरावात ते नीट झाले नाही, त्या सरावात माणसाऐवजी पाण्यात टाकलेला आमचा बाहुला सापडलेला नाही.

जिथे चित्रपट बरोबर असतो आणि प्रेक्षक त्याला चूक ठरवतात, असेही एक उदाहरण सांगितले पाहिजे, कारण ते आपल्याला पहिल्याच दिवशी उपयोगी पडेल. १९९७ च्या ‘टायटॅनिक’मध्ये हिमनग दिसताच अधिकारी ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’, म्हणजे पूर्ण उजवीकडे, असा हुकूम देतो. पण जहाज डावीकडे वळते. ही ढोबळ चूक आहे असे मला कित्येकांनी सांगितले आहे. ती चूक नाही. त्या काळचे हुकूम चाकाला उद्देशून नसत. चाके येण्यापूर्वीच्या सुकाणूच्या दांड्याला उद्देशून दिलेले हुकूम तसेच चालत आले होते. दांडा उजवीकडे ढकलला की पाण्यातले सुकाणू डावीकडे वळते आणि जहाजाचे तोंडही डावीकडे जाते. ब्रिटिश जहाजांवर ही पद्धत १९३३ मध्ये बदलली. ‘टायटॅनिक’ बुडाले १९१२ मध्ये. आपल्या प्राथमिक वर्गातल्या छोट्या बोटीला बहुधा चाक नसेल, दांडाच असेल, आणि पहिला तासभर आपला हात उलटाच जाईल. तेव्हा हे दृश्य आठवावे. चाक गरागरा फिरवून जहाज झटकन वळवण्याची जी सवय चित्रपटांनी डोळ्यांना लावली आहे, ती मात्र विसरावी. सुकाणू फार वळवले की ते बोटीला वळवण्यापेक्षा थांबवतेच अधिक.

२००३ च्या पहिल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’विषयी मुले हमखास विचारतात. तो साहसाचा, कल्पनेचा खेळ आहे आणि तसाच पाहावा; पण त्यातली दोन दृश्ये शिकवण्यासाठी उत्तम आहेत. दोघे जण उलटी होडी डोक्यावर घेऊन समुद्राच्या तळावरून चालतात. हे शक्य नाही, कारण होडीखाली अडकलेली प्रत्येक लिटर हवा जवळपास एक किलो वजनाइतक्या जोराने वर ढकलते, आणि त्या होडीत काही शे लिटर हवा असणार. दुसऱ्या दृश्यात वेगाने चाललेले जहाज नांगर टाकून जागच्या जागी गर्रकन वळवले जाते. याचे मूळ मात्र खरे आहे. वारा किनाऱ्याकडे ढकलत असताना आणि वळायला जागा नसताना, वाऱ्याआडच्या बाजूचा नांगर टाकून जहाजाचे तोंड फिरवायचे आणि दोर कापून नांगर तिथेच सोडून निघायचे, हा जुन्या खलाशांचा शेवटचा उपाय होता. पडद्यावरच्या वेगाने तो केला असता तर दोर तुटला असता किंवा जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उखडली असती.

शिडांच्या बाबतीत कोणत्या चित्रपटावर विश्वास ठेवावा असे विचाराल, तर मी २००३ चाच ‘मास्टर अँड कमांडर’ सांगेन. त्यातल्या केप हॉर्नच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या, वादळात खऱ्या केप हॉर्नजवळच्या लाटांचे चित्रीकरण वापरले आहे, आणि लाटेचा तो लांब, संथ, भारी उतार कृत्रिम टाकीत निर्माण होत नाही. टाकीतल्या लाटा आखूड आणि टोकदार असतात. त्याच प्रसंगात डोलकाठीचा वरचा भाग माणसासह समुद्रात कोसळतो. तो दोरांनी जहाजाला जोडलेलाच राहतो, आणि ते लाकूड व शीड पाण्यात ओढले जाऊन जहाजाला मागे खेचू लागतात. दोर कापले नाहीत तर जहाज आडवे होऊन सगळे बुडतील. कापले तर लाकडाला धरून असलेला सोबती जाईल. हा पेच कोणा लेखकाने रंगवण्यासाठी आणलेला नाही, तो दोर आणि पाण्याच्या स्वभावातूनच येतो. म्हणून ते दृश्य इतके खोल जाते. चित्रपटाच्या सुरुवातीला वल्ह्यांच्या होड्या मोठ्या जहाजाला ओढत धुक्यात नेतात, तेही त्या काळाला धरून आहे. १९९२ चा ‘विंड’ हा शर्यतीच्या नौकांवरचा चित्रपटही पाहण्याजोगा आहे. त्यात मोठ्या नौका खरोखर चालवून चित्रीकरण केले आहे, आणि एका वळणासाठी दहा-अकरा माणसांचे हात कसे एकाच क्षणी वेगवेगळी कामे करतात हे त्यात दिसते.

इथवरचे थोडक्यात असे की, शिडाच्या बाबतीत चित्रपट वाऱ्याची दिशा आणि कामाची वेळ यांत चुकतात. वल्ह्यांच्या बाबतीत चुकांची जात वेगळी आहे.

वल्हवण्याचे नाव काढताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १९५९ च्या ‘बेन-हर’मधले रोमन युद्धजहाज येते: साखळदंडांनी बांधलेले गुलाम, चाबूक, आणि ठोक्यांची लय वाढवत जाणारा माणूस. दृश्य विलक्षण आहे, परंतु ते रोमन काळाचे नाही. प्राचीन ग्रीक आणि रोमन आरमारांत वल्हवणारे प्रामुख्याने स्वतंत्र, वेतन घेणारे लोक असत. अथेन्सने इ. स. पू. ४०६ मध्ये अडचणीच्या वेळी गुलामांना वल्ह्यांवर बसवले, तेव्हा त्यांना स्वातंत्र्य दिले. साखळदंडातले कैदी वल्हवणारे भूमध्य समुद्रात खरोखर होते, पण ते जवळपास दीड हजार वर्षांनी, सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या जहाजांवर. तालासाठी ढोलापेक्षा आज्ञा देणाऱ्याचा आवाज आणि बासरीसारखे वाद्य वापरले जाई.

हा मुद्दा केवळ इतिहासाचा नाही, म्हणून त्यावर थोडा रेंगाळतो. १९८७ मध्ये ‘ऑलिंपियास’ नावाचे प्राचीन ग्रीक युद्धजहाज पुन्हा बांधून पाण्यात सोडण्यात आले. त्याला तीन थरांत १७० वल्हवणारे लागतात, आणि स्वेच्छेने आलेल्या माणसांनी ते चालवून पाहिले. थोड्या वेळासाठी त्याने ताशी ९ सागरी मैलांचा वेग गाठला आणि एका मिनिटात ते पूर्ण विरुद्ध दिशेला वळले. १७० वल्ही एकमेकांपासून हातभर अंतरावर चालतात. त्यांतले एक चुकले तर शेजारची चार अडकतात. चाबकाच्या भीतीने माणूस जोर लावेल, पण शेजाऱ्याच्या श्वासाशी आपला श्वास जुळवणार नाही. मी आठ जणांच्या बोटींना शिकवले आहे, आणि त्यातल्या एकाचेही मन बोटीत नसेल तर ती जड चालते हे मला दर हंगामात दिसते. म्हणून १७० भेदरलेल्या माणसांकडून शत्रूच्या जहाजावर नेमकी धडक मारून घेता येईल, यावर माझा विश्वास बसत नाही.

आधुनिक शर्यतीच्या बोटींकडे वळू. आठ जणांची बोट सुमारे १७ ते १८ मीटर लांब असते, तिचे किमान वजन ९६ किलो ठरवलेले आहे, आणि ऑलिंपिकमधील २,००० मीटरचे अंतर उत्तम चमू साडेपाच मिनिटांच्या आसपास, वल्ह्यांच्या साधारण दोनशे-सव्वादोनशे ओढींत पार करतो. नट वल्हवतात तेव्हा पहिली चूक हातांनी ओढण्याची होते. खरा जोर पायांचा असतो; बसण्याची जागा चाकांवर सरकते, पाय सरळ होत जातात, मग पाठ उघडते आणि हात अगदी शेवटी येतात. दुसरी चूक कॉक्सची, म्हणजे स्वतः न वल्हवता सुकाणू सांभाळणाऱ्याची. चित्रपटातला कॉक्स प्रत्येक वल्ह्याला ओरडून ताल देतो. ताल त्याच्या समोर बसलेला वल्हवणारा देतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. कॉक्स बोट सरळ ठेवतो, किती अंतर उरले व प्रतिस्पर्धी कुठे आहे ते सांगतो, आणि बिघडणारी एखादी गोष्ट एका शब्दात दुरुस्त करतो. चांगल्या कॉक्सचा आवाज बहुतांश वेळ शांत असतो.

परंतु सर्वांत सुंदर गोष्ट कॅमेऱ्याला जवळजवळ कधीच पकडता आलेली नाही. पडद्यावर वल्हे ओढले की बोट झेप घेते आणि वल्हे वर आले की ती मंदावते. प्रत्यक्षात बोटीच्या सांगाड्याचा वेग सर्वाधिक असतो तो वल्ही हवेत असताना. कारण आठ जण त्या वेळी बोटीच्या मागच्या टोकाकडे सरकत असतात आणि त्यांच्या वजनाच्या उलट दिशेने हलकी बोट त्यांच्याखालून पुढे निसटते. म्हणूनच परत सरकताना घाई करायची नसते. कुशल चमू पाहिला तर ओढ जोरदार आणि परतीची वाट संथ दिसते. पाण्यात वल्ह्यांनी उमटवलेले भोवरे एकमेकांपासून दूर, सारख्या अंतरावर आणि घट्ट असतात. फेस उडत असेल, अंगे झोके घेत असतील, तोंडे वेडीवाकडी होत असतील, तर शक्ती पाण्यात न जाता हवेत जात आहे. चित्रपटाला नेमका तो फेस हवा असतो.

२०२३ चा ‘द बॉइज इन द बोट’ याबाबतीत बराच काळजीपूर्वक केलेला आहे. त्यातल्या नटांनी आधी काही महिने खरोखर वल्हवण्याचा सराव केला होता, आणि ते जाणवते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधली ती आठ जणांची शर्यत इतकी अटीतटीची दाखवली आहे की ती रचलेली वाटावी. पण खरे निकाल तसेच आहेत. अमेरिका ६ मिनिटे २५.४ सेकंद, इटली ६:२६.०, जर्मनी ६:२६.४. तिघे एका सेकंदात आले. माझा आक्षेप वेगळा आहे. नायक त्या चमूपर्यंत तीन वर्षांच्या सरावानंतर पोहोचला होता. चित्रपटाने ती वाट एका हंगामात बसवली. कथेसाठी ते समजू शकते, पण वल्हवायला शिकणाऱ्याने ते मनावर घेऊ नये. अंधारातल्या सकाळी, थंड पाण्यावर, एकच हालचाल हजारो वेळा करत राहण्याचे कंटाळवाणे महिने हाच या खेळाचा मुख्य भाग आहे. तो भाग २०२१ च्या ‘द नॉव्हिस’मध्ये आहे. त्या चित्रपटाच्या दिग्दर्शिकेने स्वतः महाविद्यालयात वल्हवले होते, आणि यंत्रावरचा सराव, हातांवरचे फोड, स्वतःच्या वेळेशी चाललेले झगडणे तिने आतून जाणून दाखवले आहे. त्यातल्या नायिकेचा अट्टहास मात्र रोगट आहे. माझ्या वर्गात असा शिकाऊ आला तर त्याची पाठ थोपटण्याऐवजी मी त्याला काही दिवस विश्रांतीसाठी घरी पाठवेन.

साध्या होडीतल्या दृश्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. वल्हवणारा प्रवासाच्या दिशेला पाठ करून बसतो आणि सोबती त्याच्यासमोर, मागच्या टोकाला बसतो, हे चित्रपट बहुधा बरोबर दाखवतात. मात्र वल्हवणाऱ्याला मधूनमधून मान वळवून पुढचा मार्ग तपासावा लागतो, हे विसरले जाते. शिवाय होडीच्या मागच्या बाजूला, म्हणजे वल्हवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असलेली दोन स्थिर झाडे किंवा खांब एका रेषेत धरून ठेवायचे असतात, म्हणजे होडी सरळ जाते.

वर्ग सुरू होईपर्यंत काही करायचे असेल, तर आवडता प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहावा. शिडाचे दृश्य असेल तर झेंडा, केस आणि शीड यांवरून वारा कुठून येतो ते आधी ठरवावे, आणि मग ती बोट त्या दिशेला जाऊ शकेल का हे स्वतःला विचारावे. आमच्याकडे तरी बोट पाण्यात सोडण्याआधी पहिला प्रश्न वारा कुठून आहे हाच असतो. वल्ह्यांचे दृश्य असेल तर चेहऱ्यांकडे न पाहता वल्ह्यांच्या पात्यांकडे पाहावे; ती पाण्यात एकत्र शिरतात का आणि एकत्र बाहेर येतात का, एवढेच. हातमोज्यांविषयी वेगळे विचारले नव्हते, तरी सांगतो: शिडाच्या वर्गाला ते जरूर न्यावेत, कारण पळता दोर तळहात भाजून काढतो, वल्हवण्याच्या वर्गाला नेऊ नयेत, कारण वल्ह्याची मूठ बोटांना नेमकी जाणवली पाहिजे. पहिले दोन आठवडे फोड येतील. ते फोडू नयेत, स्वच्छ व कोरडे ठेवावेत, आणि तिथली कातडी घट्ट होईपर्यंत मूठ सैल धरायला शिकावे.